काळी हळद

आमच्या घरी माळ्यावर दोन पेट्या आहेत. एक लोखंडी, दुसरी पुठ्ठ्याची. लोखंडी पेटीवर आजोबांनी पांढऱ्या ऑइलपेंटने 'कृष्णधवल' असं लिहिलं आहे. अक्षर टपोरं, शिरोरेघ पट्टीने ओढल्यासारखी. पुठ्ठ्याच्या पेटीवर मात्र बॉलपेनने 'कलर' एवढंच खरडलं आहे. आजोबांच्या सगळ्या धंद्याचा इतिहास या दोन शब्दांत सामावला आहे असं मी लिहिलं, तर आमचे मराठीचे सर समासात 'अतिशयोक्ती' असा शेरा मारतील. मारोत बापडे! पण ही हकीकत वाचून झाल्यावर मारावा, एवढीच विनंती.

यंदा एप्रिलात आजोबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. माझी परीक्षा संपलेली. घरात सगळ्यांत रिकामी मी. तेव्हा डोळ्यांत थेंब घालणं, पेपर वाचून दाखवणं ही कामं ओघानेच माझ्याकडे आली. पट्टी निघाली त्या दिवशी आजोबा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, ही भिंत पांढरी आहे होय! मला वाटत होतं, तुझ्या बापाने पिवळट रंग लावलाय."

मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि माणूस पिवळ्या काचेतून जग बघू लागतो. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. आजोबा डावा डोळा झाकत, मग उजवा झाकत, पुन्हा डावा झाकत खोलीभर बघत होते आणि लहान मुलासारखे हसत होते. "म्हणजे इतकी वर्षं मी पिवळा फिल्टर लावून हिंडत होतो तर!"

त्याच आठवड्यात एक मावशी आमच्याकडे आल्या. साठीच्या, ठसठशीत कुंकू, हातात पिशवी. मानपाडा गावच्या. पिशवीतून त्यांनी एक जाडजूड अल्बम काढला आणि आजोबांपुढे ठेवला. "फोटोवाले काका, वलखलं काय? माझे लग्नाचे फोटू तुमी काढलेले. चौऱ्याऐंशी साली."

मी अल्बम उघडला. मांडव लालसर, वऱ्हाडी लालसर, आकाशसुद्धा लालसर. केळीची पानं तपकिरी झालेली. जणू सगळं लग्न कुणी कुंकवाच्या पाण्यात बुडवून काढलं होतं.

"नातीची हलद हाय पुढले महिन्यात," मावशी म्हणाल्या. "मांडवात आजीचे हलदीचा फोटू लावाचा हाय, बोलते ती. यात हलदीचा एक पन फोटू नाय. तुमचेकडं हाय काय?"

आजोबा गप्प झाले. नुसते गप्प नाही, त्यांचा चेहरा उतरला. "बघतो," एवढंच म्हणाले आणि मला चहा टाकायला सांगितलं. चहा झाला, मावशी अल्बम ठेवून गेल्या, आणि आजोबा काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी मी थेंब घालायला गेले तेव्हा त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

आजोबांनी १९६७ साली मानपाडा रोडवर फोटो स्टुडिओ काढला. आजचा मानपाडा रोड आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. रिक्षांची रांग, दुकानांच्या पाट्या आणि चालायला जागा नाही! त्या वेळी चार रस्ता सोडला की वस्ती विरळ होत जायची. एमआयडीसीचे कारखाने येऊन थोडीच वर्षं झाली होती. त्यांच्या पलीकडे भातशेती, सागाव आणि मग मानपाडा. स्टुडिओचा गाळा एवढासा. पुढे खुर्ची, मागे रंगवलेला पडदा, आणि त्या पडद्यामागे आजोबांचं खरं राज्य. डार्करूम.

त्या राज्यात एक लाल दिवा होता. काळ्यापांढऱ्या फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसत नाही, म्हणून त्या उजेडात काम करता येतं. तीन ट्रे: एकात डेव्हलपर, एकात पाणी, एकात हायपो. कोरा कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा, ट्रे हलकेच हलवत राहायचं, आणि बघता बघता कागदावर माणूस उमटायचा. आधी केस, मग डोळे, मग बाकीचा. "पहिल्यांदा डोळे आले की मला वाटायचं, हा माणूस आता माझ्याकडे बघतोय," आजोबा म्हणाले. एन्लार्जरखाली चेहरा काळवंडत असेल, तर ते तेवढ्या भागावर हाताची सावली धरायचे. देवीचे व्रण असतील, तर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करायचे. फोटो चांगला आला तर तो त्यांच्या हाताचा गुण, बिघडला तर हाताचा दोष. मध्ये तिसरं कुणी नाही.

कृष्णधवल फोटो म्हणजे मुळात चांदी. फिल्मवर आणि कागदावर चांदीच्या क्षाराचा थर असतो. जिथे उजेड पडला तिथे डेव्हलपरमध्ये त्याची बारीक काळी चांदी होते. उरलेला क्षार हायपोत विरघळून निघून जातो. वापरलेलं हायपो विकत घ्यायला एक माणूस महिन्याकाठी यायचा, त्यातून चांदी काढायला. आजी थट्टेने म्हणायची, "आमच्या ह्यांचं सांडपाणीसुद्धा चांदीचं!"

मग १९८२ साल आलं. दूरदर्शन रंगीत झालं, दिल्लीचे एशियाई खेळ लोकांनी रंगांत पाहिले. सिनेमा तर कधीच रंगीत झाला होता. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्यांनाही आपलं लग्न रंगीत हवं झालं. गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "कलर करता का?" नाही म्हटलं की पुढच्या दुकानात. आजोबांनी वर्षभर दम धरला आणि १९८३ साली कर्ज काढून ३५ मिलिमीटरचा नवा कॅमेरा घेतला. रंगीत रोल आले आणि लाल दिवा विझला.

विझला हे अगदी शब्दशः. रंगीत कागदाला सगळेच रंग दिसतात, लालसुद्धा. त्याच्यापुढे लाल दिवा लावून चालत नाही. आणि रंगीत फिल्म धुण्याची तऱ्हाच वेगळी. कोडॅकने १९७२ साली आणलेल्या आणि पुढे जगभर चाललेल्या सी-४१ पद्धतीत डेव्हलपर बरोबर ३७.८ अंश सेल्सिअस लागतो आणि फिल्म त्यात सव्वातीन मिनिटं ठेवावी लागते. अंशाच्या लहानशा भागाने चूक झाली तरी रंग बिघडतात. आमच्या गाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, तिथे पाण्याचं तापमान कोण सांभाळणार? तेव्हा रोल काढायचा, डबीत घालायचा, लोकलने मुंबईला जाऊन लॅबमध्ये द्यायचा आणि आठवड्याने पाकीट आणायचं. आजोबा म्हणाले, "आदल्या वर्षापर्यंत मी फोटोग्राफर होतो. मग पोस्टमन झालो."

१९८४ सालच्या वैशाखात मानपाडा गावातलं ते लग्न आलं. आगरी समाजात हळद म्हणजे लग्नाइतकाच मोठा सोहळा. रात्रभर मांडव जागा असतो, धवलारीण धवले गाते. नवरीच्या वडिलांनी आजोबांना बजावून सांगितलं, "काका, बाकी कसा बी काढा. माझे पोरीची हलद पिवली दिसाला पायजे."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. काळ्यापांढऱ्या फिल्मवर पिवळा रंग फिकट राखाडी येतो, जवळजवळ गोऱ्या कातडीसारखा. हळद लावलेली नवरी आणि न लावलेली नवरी यांत फरकच कळत नाही. ज्या रंगासाठी रात्र जागवायची तो रंगच फोटोतून गायब! आमच्या ग्रंथालयात रघुबीर सिंह यांच्या छायाचित्रांचं पुस्तक मी पाहिलं आहे. १९४२ ते १९९९ एवढंच आयुष्य लाभलेल्या या छायाचित्रकाराने सारा भारत रंगांत टिपला. भारतीय माणूस जग रंगांतूनच अनुभवतो, काळ्यापांढऱ्यातली खिन्नता ही पश्चिमेकडची, असं त्यांचं म्हणणं. मानपाड्यातल्या त्या बापाने कुठलंही पुस्तक न वाचता तेच सांगितलं होतं.

आजोबांनी हळदीचा एक रंगीत रोल काढला. पण त्यांचा जीव राहीना. जुना यशिका कॅमेरा त्यांनी पिशवीतून बरोबर नेला होता. त्यात बारा फोटोंचा कृष्णधवल रोल भरला आणि भिंगापुढे निळी काच लावली. निळ्या काचेतून पिवळा उजेड फारसा आत जात नाही. त्यामुळे पिवळी वस्तू फोटोत गडद येते. चेहरा थोडा सावळा पडतो, प्रकाश जास्त द्यावा लागतो, पण हळद कुठे लागली आहे ते स्पष्ट उमटतं. कपाळावरची बोटं, गालावरचा थर, कानामागे सुटलेली कोरी जागा, सगळं. आजोबांची ही जुनी युक्ती होती. रंग नसलेल्या फिल्मवर रंग दाखवायची.

रंगीत रोल मुंबईला गेले. आठवड्याने लॅबमधून लग्नाची दोन पाकिटं आली. तिसरं नाही. हळदीचा रोल धुताना खराब झाला होता. नवा रोल देतो म्हणाले. नव्या रोलने हळद परत कशी लागणार?

आजोबा त्या रात्री डार्करूममध्ये गेले, लाल दिवा लावला आणि यशिकाच्या रोलचे मोठे फोटो काढले. सकाळी ते घेऊन मानपाड्याला गेले. नवरीच्या वडिलांनी पहिला फोटो हातात घेतला. मुलीच्या कपाळावर, गालांवर काळे फराटे. त्यांनी फोटो खाली ठेवला आणि म्हणाले, "काका, हलद सांगितली तं तुमी माझे पोरीचे तोंडाला काला फासलाव!"

आपल्या भाषेत या शब्दांचा अर्थ काय होतो, हे मी सांगायला नको. चार माणसांसमोर आजोबांनी ते ऐकून घेतले. निळ्या काचेची युक्ती त्यांनी सांगून पाहिली नाही. सांगितली असती तरी कुणाला पटली असती? हळदीच्या रोलचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. फोटो परत आणले, निगेटिव्हसह पाकिटात घातले आणि पेटीत टाकले. त्यानंतर मानपाडा गावातलं काम त्यांनी कधीच घेतलं नाही. मानपाडा रोडवर दुकान, आणि मानपाड्याला जायचं नाही!

मी म्हटलं, "आजोबा, पण चूक लॅबची होती."

"निवड माझी होती," ते म्हणाले. "ज्याची नाडी मला कळत नाही असं काम मी दुसऱ्याच्या हाती दिलं. अगं, शांतारामांचंही तेच झालं होतं."

व्ही. शांताराम म्हणजे आजोबांचं दैवत. १९३३ साली प्रभातच्या 'सैरंध्री'साठी ते थेट जर्मनीला गेले. चित्रपट रंगीत करायचा होता आणि ती सोय इथे नव्हती. पण रंग मनासारखे उतरले नाहीत, तो बेत फसला. त्यानंतर १९५५ साली 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये आला तोपर्यंत बावीस वर्षं गेली. आणि गंमत अशी, की रंग हाती आल्यावरही १९५७ साली त्यांनी 'दो आँखें बारह हाथ' काळ्यापांढऱ्यातच केला. त्याच्या चित्रीकरणात बैलाशी झुंज घेताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. पट्टी बांधून पडून राहावं लागलं, आणि त्या अंधारात त्यांना रंग दिसू लागले. १९५९ सालचा 'नवरंग' त्यातून निघाला. "समजलं का?" आजोबा म्हणाले, "आधी रंग डोक्यात पाहिजे. मग तो फिल्मवर आला काय, न आला काय. मी रंगाला घाबरलो नव्हतो. रंग बघायचं काम मशीनवर सोपवलं, ते चुकलं."

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून लोखंडी पेटी उतरवली. पाकीट तळाशी होतं. वर आजोबांच्या टपोऱ्या अक्षरात: 'मानपाडा. हळद. १९८४. देणे बाकी.'

आतले फोटो बघून मी थक्क झाले. चाळीसहून अधिक वर्षं लोटली होती, पण ते काल धुतल्यासारखे होते. अल्बममधल्या रंगीत फोटोंची दशा तर तुम्हाला सांगितलीच आहे. रंगीत फोटोतही सुरुवात चांदीनेच होते. पण तीन थरांत पिवळा, किरमिजी आणि निळसर हिरवा असे रंग तयार झाले की चांदी काढून टाकतात. मागे राहतात ते नुसते रंग. त्या काळच्या कागदावरचा निळसर हिरवा बहुधा आधी उडतो आणि फोटो लालसर होत जातो. आजोबांच्या काळ्या फोटोंत चांदी जागच्या जागी होती.

आता माझी पाळी होती. जुन्या फोटोत आपोआप रंग भरणारी सोय हल्ली मोबाइलवरही मिळते. मी मोठ्या रुबाबात आजोबांना म्हटलं, "पाच मिनिटांत तुमची हळद पिवळी करते." निगेटिव्ह उजेडाच्या पडद्यावर ठेवून त्याचा फोटो घेतला, उलटा केला आणि मशीनच्या हवाली केला. मशीनने झटपट साडी निळी केली, मांडव हिरवा केला, आणि हळदीचे सगळे फराटे चिखलासारखे तपकिरी करून ठेवले. त्याला काय कल्पना, की हा काळा म्हणजे पिवळा!

आजोबांनी नव्या डोळ्याने पडद्याकडे पाहिलं. "ही मुलगी शेतात पडली होती की काय?"

मी खजील झाले. आजोबांनी जी चूक १९८४ साली केली, तीच मी पाच मिनिटांत केली होती. बघायचं काम दुसऱ्यावर टाकलं होतं.

मग आम्ही दोघं बसलो. चार दिवस लागले. आजोबा सांगायचे आणि मी पडद्यावर भरायची. जिथे काळं, तिथे पिवळं; पण कुठलं पिवळं? आजोबांनी स्वयंपाकघरातून हळद मागवली, तेलात कालवली आणि माझ्या मनगटावर ओढली. खिडकीशी धरून, डावा डोळा झाकून, उजव्याने निरखलं. "ओली असताना नारिंगीकडे झुकते. वाळली की फिकटते. कपाळावरची आधी लावलेली, ती वाळलीय. गालावरची ओली आहे, बघ, चमक आहे." निळ्या काचेने सगळं जपून ठेवलं होतं. कुठे किती थर, कुणाची बोटं, कुठून कुठे फिरली. साडीचा रंग आजोबांना आठवेना. तो आम्ही भरला नाही. तेवढा भाग राखाडीच ठेवला.

मे महिन्यात एका सकाळी रिक्षा केली आणि आम्ही मानपाड्याला गेलो. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेचे उंच टॉवर बघून आजोबा गोंधळले. "इथे भात होता," एवढंच दोनदा म्हणाले. मावशींच्या दारात मात्र त्यांनी माझा हात घट्ट धरला.

मावशींपुढे आम्ही दोन फोटो ठेवले. एक आम्ही रंगवलेला, एक मूळचा काळा. रंगवलेला हातात घेऊन त्यांनी नातीला हाक मारली. नात हरखली. "इथं कमी होती हलद," मावशी हनुवटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पन बराबर हाय." साडीचा रंग मी विचारला. "हिरवी. काकीनी दिलेली," क्षणाचाही विचार न करता उत्तर आलं. मग त्यांनी काळा फोटो उचलला आणि तो मात्र बराच वेळ खाली ठेवला नाही. फोटोच्या कडेला एक हात आहे, गालाला हळद लावणारा. मनगटात काचेचे चुडे. बाकी बाई चौकटीबाहेर.

"ये माझी आय," मावशी म्हणाल्या. "लग्नानंतर दोन वर्सांत गेली. तिचा हात हाय."

आजोबा काहीतरी बोलू लागले. तुमच्या वडिलांनी त्या वेळी नको म्हटलं होतं, मीही पुन्हा आलो नाही, असं काहीसं. मावशींनी त्यांना थांबवलं. "मना सगला माहीत हाय, काका. बा बाहेर बोलत व्हता तवा मी आतच व्हती. पन मना कोनी इचारलाच नाय."

घरात कुणी काही बोललं नाही. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. फोटो रंगीत हवा की काळा, हळद पिवळी की गडद, याचा निकाल बापाने लावला, फोटोग्राफरने लावला, लॅबने लावला. जिला हळद लागली होती तिला विचारायचं राहून गेलं. आणि मीही मशीनला विचारलं, मावशींना विचारलं नव्हतं. साडीचा रंग तर त्यांना एका क्षणात सांगता आला असता.

नातीच्या हळदीला आम्हाला बोलावणं होतं. मांडवात रंगवलेला फोटो लागला होता, आता साडी हिरवी. काळा फोटो मावशींच्या देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर होता.

त्या रात्री घरी आल्यावर आजोबांनी ते पाकीट मागून घेतलं. पेन धरून, डावा डोळा मिटून, 'देणे बाकी' या शब्दांवर सावकाश रेघ मारली आणि खाली तारीख घातली. अक्षर आता तितकं टपोरं येत नाही. पण शिरोरेघ सरळ होती.

सर, आता शेरा मारायला हरकत नाही.